अक्षर कन्नडचे, अधिकार कोणाचा?

पावसाळ्यात कोणतेही कन्नड वर्तमानपत्र चार दिवस सलग वाचले, तर 'ई बारि भारि मळे' अशा घाटाचा मथळा कधी ना कधी समोर येतोच. 'बारि' म्हणजे खेप, 'भारि' म्हणजे जोराचा आणि 'मळे' म्हणजे पाऊस. यंदा पाऊस जोराचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या दोन शब्दांत फरक आहे तो फक्त ब आणि भ यांचा. रोजच्या बोलण्यात, त्यातही घाईच्या बोलण्यात, पुष्कळ कन्नड भाषकांच्या तोंडून हे दोन्ही शब्द सारखेच बाहेर पडतात आणि ऐकणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. लिहिताना मात्र भ च्या जागी ब पडला की लिहिणाऱ्याची इयत्ता काढली जाते, आणि कधी कधी जातही. तेव्हा जे अक्षर कानाला लागत नाही ते हाताने का गिरवायचे, हा प्रश्न कर्नाटकात गेली काही दशके गांभीर्याने विचारला जात आहे, यात नवल नाही. मराठी वाचकालाही तो परका वाटू नये, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या रूपाने हाच प्रश्न आपल्या घरातही बसलेला आहे.

हा प्रश्न सर्वांत आग्रहाने मांडला तो भाषाशास्त्रज्ञ डी. एन. शंकर भट यांनी. संस्कृतचे रीतसर अध्ययन केलेला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ज्याची ईशान्येतील बोलींवरची कामे प्रसिद्ध केली, असा हा अभ्यासक. त्यामुळे संस्कृत येत नाही म्हणून संस्कृतचा राग, हा नेहमीचा आक्षेप त्यांच्यावर घेता येत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अस्सल कन्नड शब्दांना महाप्राणांची, म्हणजे ह मिसळून उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची, गरज नाही, ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहा अक्षरे मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी वर्णमालेत आहेत, बहुसंख्य कन्नडिग ते शब्दही अल्पप्राणानेच, म्हणजे क, ग, ब अशा ह नसलेल्या ध्वनींनीच, उच्चारतात, तरीही लेखनात ही अक्षरे सक्तीची ठेवल्यामुळे ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या पोथी आणि पाटी होती त्यांना लिहिणे सोपे जाते आणि बाकीच्यांना जन्मभर चुकण्याची धास्ती राहते. महाप्राणांबरोबर ऋ, ष यांसारखी अक्षरेही वगळावीत, म्हणजे लेखन उच्चाराशी जुळेल. 'होस बरह', म्हणजे नवे लेखन, या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि शंकर भटांनी स्वतःची पुढची पुस्तके तिच्यातच लिहिली. सुधारणा सांगणाऱ्याने ती आधी स्वतःच्या लेखनावर लागू करावी, हा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या शुद्धलेखनाच्या वादांत फारसा दिसत नाही.

याला विरोध करणाऱ्यांचे पहिले आणि बहुधा शेवटचे हत्यार म्हणजे सारख्या उच्चाराचे शब्द. महाप्राण काढले तर मद्य आणि मध्य एक होतील, धन आणि दन एक होतील, आणि श-स यांचा भेद सैल झाला तर शंकर आणि संकर एक होतील, अशी यादी पुढे केली जाते. यादीच्या शेंड्याला हमखास एक जुने सुभाषित असते. त्यात बाप मुलाला सांगतो : बाळा, फार शिकला नाहीस तरी चालेल, पण व्याकरण तेवढे शीक, नाहीतर 'स्वजन'चा 'श्वजन', 'सकल'चा 'शकल' आणि 'सकृत्'चा 'शकृत्' होईल. म्हणजे आप्तांची कुत्री होतील, अख्ख्याचा तुकडा होईल आणि 'एकदा' म्हणता म्हणता शेण होईल. सुभाषित खुमासदार आहे. परंतु ते संस्कृत शिकणाऱ्या मुलासाठी आहे. 'श्वजन' आणि 'शकृत्' हे शब्द आजच्या कन्नडमध्ये कोण वापरतो? जे शब्द भाषेत चालतच नाहीत त्यांच्याशी होणाऱ्या टकरीची भीती घालून मुलांना अक्षरे पाठ करायला लावणे हा युक्तिवाद नव्हे.

चालत्या शब्दांचे काय होते, ते पाहू. कन्नडमध्ये 'बल' म्हणजे सामर्थ्य, हा संस्कृत शब्द. आणि 'बल' म्हणजे उजवी बाजू, हा देशी शब्द. दोन्ही एकाच अक्षरांत लिहिले जातात, आणि 'बलक्के तिरुगि' असे सांगितल्यावर उजवीकडे वळण्याऐवजी कोणी दंड थोपटत नाही. 'नर' म्हणजे माणूस आणि 'नर' म्हणजे शरीरातील नस. मज्जाविकारांच्या डॉक्टरच्या दारावर 'नररोग तज्ञ' अशी पाटी असते. ती वाचून मराठी माणूस क्षणभर चपापतो, कन्नड माणूस चपापत नाही. 'बाल' म्हणजे मूल, आणि संस्कृत 'वाल'पासून आलेले 'बाल' म्हणजे शेपूट. 'कलि' हे युग आहे, 'कलि' म्हणजे शूर आहे आणि 'कलि' म्हणजे 'शीक' अशी आज्ञाही आहे. 'हरि' हा देव, 'हरि' म्हणजे वाहणे आणि 'हरि' म्हणजे फाडणे. यांतील शेवटचे दोन शब्द हळगन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, वेगळे होते, कारण तेव्हा र चे दोन प्रकार होते. तसेच तमिळ या नावाच्या शेवटी जो वेगळा ध्वनी आहे, तोही कन्नडमध्ये होता. ते ध्वनी बोलण्यातून गेले, मागोमाग अक्षरेही गेली, कित्येक शब्दांच्या जोड्या एकरूप झाल्या, आणि भाषा बुडाली नाही. शेजारच्या तमिळमध्ये तर 'पाप'वरून आलेला शब्द आणि 'भाव' हे दोन्ही एकाच अक्षरांत 'पावम्' असे लिहिले जातात, तरी तेथे ना भक्तीची अडचण झाली ना अभिनयाची.

आपल्याकडे हेच घडले आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांनी संस्कृत 'कवि' आणि 'गुरु' यांना, शब्द सुटा असताना, 'कवी' आणि 'गुरू' केले. कारण मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ उच्चारतो. या नियमाने हात या अर्थाचा 'पाणि' आणि प्यायचे 'पाणी' यांच्यातील लेखनभेद संपला. चक्रपाणी नावाच्या गृहस्थाला अद्याप कोणी पाणी मागितलेले नाही. अर्थ अक्षरावर एकट्याने उभा नसतो. आजूबाजूचे शब्द, वाक्याची घडण आणि प्रसंग मिळून त्याला उभे करतात. तेव्हा 'घोटाळा होईल' हा विरोधकांचा मुद्दा मला फार कच्चा वाटतो. घोटाळा क्वचित होईलही. 'दन कळेदुकोंड रैत' म्हणजे गुरे गमावलेला शेतकरी आणि 'धन कळेदुकोंड रैत' म्हणजे पैसा गमावलेला शेतकरी. दुष्काळाच्या बातमीत दोन्ही अर्थ सारखेच संभवतात आणि तेथे केवळ ध च वाचकाला तारतो. परंतु अशा जोड्या शोधाव्या लागतात, आणि ज्या शोधाव्या लागतात त्यांच्या बळावर अख्ख्या समाजावर दहा अक्षरांची सक्ती टिकवता येत नाही.

इतके मान्य केल्यावर अक्षरे काढून टाकावीत, असेच मी म्हणेन अशी अपेक्षा होईल. मी तसे म्हणत नाही, आणि त्याचे कारण त्याच धन-दन या जोडीत आहे. गुरे या अर्थाचा 'दन' हा शब्द 'धन'चेच तद्भव मानण्याकडे कल आहे, आणि आपल्या 'गोधन' या शब्दाकडे पाहिले तर ते पटतेही. म्हणजे एकच संस्कृत शब्द कन्नडमध्ये दोनदा वस्तीला आला : एकदा पोथीच्या वाटेने महाप्राण घेऊन आणि एकदा लोकांच्या तोंडून तो टाकून, आणि कन्नडने दोन्ही रूपे ठेवून घेऊन त्यांना वेगवेगळी कामे नेमून दिली. ही एकटी जोडी असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण 'यात्रे' म्हणजे तीर्थयात्रा आणि 'जात्रे' म्हणजे गावची जत्रा. आपल्याही यात्रा-जत्रेची वाटणी नेमकी हीच. 'संध्ये' ही ब्राह्मणाने करायची आणि 'संजे' ही सर्वांची सायंकाळ. सर्वांत बोलके उदाहरण 'स्थान'चे. कन्नडमध्ये 'स्थान' म्हणजे पद किंवा दर्जा; त्याचेच तद्भव 'ताण' म्हणजे जागा, ज्यापासून संकेतस्थळासाठी 'जालताण' हा सुरेख शब्द आज रूढ झाला आहे; आणि तिसरे 'ठाणे', म्हणजे पोलीस ठाणे. एका मुळाला तीन फांद्या आणि तिन्हींवर वेगवेगळी फळे.

त्यातही 'ठाणे' हा शब्द 'महाप्राण म्हणजे संस्कृतचे ओझे' या गृहीतकालाच धक्का देतो. कन्नडमधील ठ येथे पोथीतून आलेला नाही. तो कचेरीतून आला. 'खर्चु', 'खाते', 'खातरि', 'खुशि' हे शब्द मराठी, फारसी, हिंदुस्थानी यांच्या वाटेने, आदिलशाही आणि मराठी अंमलाच्या दफ्तरांतून आणि बाजारपेठांतून कन्नडमध्ये रुजले. ते वापरायला कोणाला अमरकोश पाठ असावा लागत नाही. केंद्राच्या रोजगार हमीला कन्नडमध्ये 'उद्योग खातरि योजने' म्हणतात. या तीन शब्दांतील 'उद्योग' आणि 'योजने' संस्कृत आहेत, मधला 'खातरि' आपल्या खात्रीचा सख्खा भाऊ आहे, आणि ही योजना ज्यांच्यासाठी आहे ते मजूर तिचे नाव रोज घेतात. महाप्राण हटवायचे तर ते संस्कृतच्या नावाखाली सरसकट हटतील आणि त्यांच्याबरोबर हा सगळा लौकिक व्यवहारही नव्याने लिहावा लागेल. हजार वर्षांहून अधिक काळ जी अक्षरे भाषेने वापरली, वाकवली आणि आपल्या कामाला जुंपली, ती आता तिचीच आहेत.

वर्गभेदाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते नाकारणाऱ्यांनी एकदा एखाद्या खेड्यातील शाळेच्या वह्या पाहाव्यात. तरीसुद्धा महाप्राण म्हणजे उच्चवर्णीयांची मिरास, हे समीकरण मला पुरते पटत नाही. किनारपट्टीवरील यक्षगान हे नृत्यनाट्य आणि ताळमद्दळे हा त्याचा बसून संवाद म्हणण्याचा प्रकार, या परंपरांत अनेक जुन्या कलावंतांचे शालेय शिक्षण जेमतेम होते, पण रात्र रात्र चालणाऱ्या त्यांच्या संवादांत भीष्माचा भ आणि धर्माचा ध खणखणीत वाजत असे. गदगच्या कुमारव्यास या कवीचे कन्नड महाभारत गावोगाव वाचले गेले, ते काही फक्त पंडितांच्या ओसरीवर नव्हे. ऐकून, म्हणून आणि भूमिका वठवून जी अक्षरे माणसाच्या जिभेवर चढतात, तीच अक्षरे शाळेत लाल शाईच्या धाकाने शिकवली की परकी होतात. दोष शिकवण्याच्या रीतीत आणि त्याहून अधिक शिक्षेच्या रीतीत आहे. (शिक्षा या शब्दाने कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत शिकवण्याचा अर्थ सोडून मारण्याचा धरला, हेही जाता जाता नोंदवण्याजोगे आहे.)

या धाकाचा परिणाम पाहायचा तर लग्नाच्या फलकांकडे पाहावे. 'हार्दिक'च्या जागी 'हार्धिक' लिहिलेले शुभेच्छांचे फलक कर्नाटकात जागोजाग दिसतात, आणि मद्यपान निषेधाच्या पाटीवर 'मध्यपान' असते. या चुका अज्ञानापेक्षा भीतीतून होतात : महाप्राण म्हणजे शुद्ध आणि अल्पप्राण म्हणजे गावंढळ, अशी समजूत मनात पक्की बसली की माणूस जेथे नको तेथेही ध घालतो. हीच गत जुन्या म्हैसूर भागातील अ आणि ह यांची आहे. तेथील बोलीत ह गळतो, म्हणून पक्षी या अर्थाचा 'हक्कि' तांदूळ या अर्थाच्या 'अक्कि'सारखा ऐकू येतो. आणि शुद्ध बोलण्याच्या धडपडीत कोणी 'आदरद स्वागत' म्हणायच्या जागी 'हादरद स्वागत' म्हणून गेला, तर तो आयुष्यभराचा विनोद होतो, कारण 'हादर' म्हणजे व्यभिचार. वृत्तवाहिन्यांचे निवेदक आणि राजकारणी यांच्या अ-ह कारावर चाललेली टिंगल कर्नाटकात नित्याची आहे. आपण न आणि ण वरून जे केले तेच हे. 'पानी' म्हणणाऱ्याला हसणाऱ्या मराठी माणसाने कन्नडिगांच्या या खोडीला नावे ठेवू नयेत.

माझा मुद्दा असा की, अक्षरे कन्नडची आहेत हे एकदा मान्य केले, की त्यांच्यावर निवाडा देण्याचा संस्कृतचा अधिकारही संपतो. रक्षक आणि सुधारक दोघेही येथे एकच गल्लत करतात : दोघेही शब्दाचे मूळ पाहतात. एकाला मूळ संस्कृत म्हणून शब्द पवित्र, दुसऱ्याला मूळ संस्कृत म्हणून अक्षर परके. तेराव्या शतकातील केशिराज त्या मानाने अधिक व्यवहारी होता. 'शब्दमणिदर्पण' या व्याकरणात त्याने कन्नडची वर्णमाला संस्कृतहून वेगळी मोजली, आणि संस्कृत शब्द कन्नडमध्ये येताना कसे बदलतात याला स्वतंत्र प्रकरण दिले. त्याच शतकातील आंडय्याने एकही तत्सम शब्द न वापरता काव्य लिहून दाखवले. पण त्यासाठी तद्भवांचा आधार त्याला घ्यावाच लागला. म्हणजे संस्कृतला दारातून बाहेर काढल्यावर तेच कन्नड वेष घालून आत बसलेले होते, आणि आंडय्याला त्याची अडचण वाटली नाही.

अर्थाच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते, आणि येथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो. कर्नाटकातील रस्त्यांवर 'अवसरवे अपघातक्के कारण' अशी सूचना असते. 'अपघात' हा शब्द दोन्ही भाषांत अगदी एका अर्थाने चालतो, त्यामुळे मराठी वाचक निर्धास्त होतो आणि 'अवसर'पाशी फसतो. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. 'अनुमानास्पद सावु' असा मथळा असतो. 'अनुमान' म्हणजे तेथे तर्क नसून संशय, आणि बातमी संशयास्पद मृत्यूची असते. 'अभ्यास' म्हणजे मुख्यतः सवय किंवा सराव, 'असह्य' म्हणजे किळसवाणे, 'प्रपंच' म्हणजे जग, 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान आणि 'उद्योग' म्हणजे नोकरी. 'योजने' म्हणजे योजना, पण एका अक्षराने वेगळा असलेला 'योचने' म्हणजे विचार. यांतील कोणता अर्थ 'बरोबर', असे विचारणेच चुकीचे आहे. संस्कृत कोश उघडून कन्नडिगाला 'अवसर म्हणजे घाई नव्हे' असे सांगणारा पंडित आणि मराठी माणसाला 'शिक्षा म्हणजे शिक्षण' असे बजावणारा पंडित सारखेच निरुपयोगी. कन्नडचे कोशकार जी. वेंकटसुब्बय्या यांनी 'प्रजावाणी' दैनिकातील 'इगो कन्नड' या सदरातून वर्षानुवर्षे शब्दांविषयीच्या शंकांना उत्तरे दिली. शब्दाविषयी जाहीरपणे विचारावे, त्याचे उत्तर मिळावे आणि विचारणाऱ्याची लाज निघू नये, हीच मुळात मोठी गोष्ट होती.

बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांतील मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड शिकावे लागते. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील सर्व शाळांत ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून बंधनकारक केली आहे. उलट बाजूने अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर येथे महाराष्ट्रातील कन्नड शाळा आहेत आणि त्यांच्यासाठी बालभारती कन्नड पुस्तके काढते. सीमावादाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. या मुलांना आज दोन्ही भाषा लिहायच्या आहेत. मराठी मूल ख-घ सहज उच्चारते, तेव्हा 'खातरि' आणि 'ठाणे' लिहिताना त्याचे अडत नाही. ते अडते 'अवसर' आणि 'अनुमान' यांच्यापाशी. कन्नड मुलाचे नेमके उलट होते. तरीही दोघांच्या हातात तत्सम-तद्भवांची तीच एकसारखी यादी दिली जाते आणि जोड्या जुळवायला सांगितल्या जातात. त्याऐवजी ओळखीच्या अक्षरांचे पण वेगळ्या अर्थाचे शब्द वाक्यांतून शिकवणारी छोटी पुस्तिका दोन्ही राज्यांच्या पाठ्यपुस्तक मंडळांना सहज काढता येईल. आणि उत्तरपत्रिका तपासताना एक साधा नियम करता येईल : 'धन'च्या जागी 'दन' लिहिल्याने वाक्याचा अर्थ खरोखर बदलत असेल, तरच गुण कापावेत, 'भारि मळे'च्या जागी 'बारि मळे' लिहिणाऱ्याला शब्द दुरुस्त करून दाखवावा आणि गुण पूर्ण द्यावेत.